तळाच्या पाण्याची उलटतपासणी

मालेगावात जुना यंत्रमाग विकत घेणारा माणूस वरचा नवा रंग पाहून पैसे मोजत नाही. तो माग सूत लावून चालवायला सांगतो, आवाज ऐकतो आणि जिथे झीज व्हायचीच तिथे हात घालून बघतो. जुनी शिडाची नौका घेणाऱ्यालाही हाच रोख ठेवावा लागतो. फरक एवढाच, की नौकेची झिजणारी जागा पाण्याखाली असते आणि तिची खबर आतून, तळाशी साचलेल्या पाण्यातून मिळते. ही खबर वाचण्याबाबत मात्र एक सोपा समज सगळीकडे चालतो: तळ कोरडा म्हणजे नौका चांगली, तळात पाणी म्हणजे नौका गळकी. या समजाने चांगल्या नौका हातच्या जातात आणि वाईट नौका गळ्यात पडतात. या प्रकरणाचं म्हणणं असं, की तळात पाणी किती आहे याला स्वतंत्र किंमत नाही. ते कुठून आलं हे सांगता येतं का, यावर सौदा ठरवावा.

त्यासाठी नौकेचा खालचा भाग थोडा समजून घ्यावा लागतो. नौकेच्या आत, पायाखालच्या लाकडी लाद्यांखाली, सगळ्यात खोलगट जो भाग असतो त्याला बिल्ज म्हणतात. नौकेत कुठूनही शिरलेलं पाणी उतरत उतरत इथेच येतं. बिल्जच्या खाली, नौकेच्या बाहेर, कील असते. वारा शिडाला आडवा ढकलतो तेव्हा नौका बाजूला वाहून जाऊ नये म्हणून पाण्यात उभा पडदा लागतो. तो कील पुरवते. नौका कलंडली की तिला पुन्हा सरळ करणारं वजनही कीलमध्येच असतं. समुद्रात फिरणाऱ्या बऱ्याच शिडाच्या नौकांमध्ये हे शिशाचं किंवा बिडाचं वजन एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं. काही नौकांत ते फायबरच्या साच्यातच बंद केलेलं असतं. पण पुष्कळ नौकांत कील हा वेगळा ओतीव तुकडा असतो आणि तो जाड बोल्टांनी खालून जोडलेला असतो. बोल्टांचे नट बिल्जमध्ये दिसतात. म्हणजे नौकेचा सगळ्यात जास्त ताण सोसणारा सांधा आणि नौकेतलं सगळं पाणी जमा होण्याची जागा एकच आहे. म्हणूनच बिल्जमधलं पाणी महत्त्वाचं असतं आणि तेच सगळ्यात फसवंही असतं. ते कीलच्या बोल्टापाशी दिसतं म्हणून बोल्टातूनच आलं असं नाही, आणि पावसाचं दिसतं म्हणून बोल्ट शाबूत आहेत असंही नाही.

दोन नौकांच्या इतिहासातून हे स्पष्ट होतं. पहिली मुंबईत जन्मलेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या ब्रिटिश व्यापारी जहाजावरच्या अधिकाऱ्याने १९६०च्या दशकात कुलाब्यात ‘सुहैली’ ही ३२ फुटी सागवानी नौका बांधून घेतली. मुंबईच्या सुतारांनी ती वाकस-छिन्नीसारख्या हातच्या हत्यारांनी घडवली. १४ जून १९६८ रोजी नॉक्स-जॉन्स्टन हीच नौका घेऊन इंग्लंडमधल्या फालमथहून एकटा, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत उतरला. आफ्रिकेच्या पश्चिमेला, केप व्हर्द बेटांच्या टापूत, नौकेत पाणी येऊ लागलं. तो पाण्यात उतरला आणि खालून पाहिलं, तर कण्याला लागून असलेल्या पहिल्या फळीचा सांधा दोन्ही बाजूंनी सुमारे ८ फूट उघडला होता. नौका हेलकावे घेईल तशी फट किंचित उघडत आणि मिटत होती. त्याने फटीत कापूस ठासला, वरून कॅनव्हासची पट्टी खिळ्यांनी मारली आणि तिच्यावर तांब्याचा पत्रा ठोकला. २२ एप्रिल १९६९ रोजी तो फालमथला परतला. निघालेल्या नऊ जणांपैकी शर्यत पूर्ण करणारा तो एकटाच ठरला. आरंभीच्या आठवड्यांतच कण्याशी गळायला लागलेली नौका जगाला वळसा घालून आली.

दुसरी नौका ‘चीकी राफिकी’. ४० फुटी, कारखान्यात बनलेली फायबरची, बोल्टांनी जोडलेली कील असलेली. मे २०१४ मध्ये ती कॅरिबियनमधल्या अँटिग्वाहून इंग्लंडला परतत होती. अटलांटिकच्या मध्यावर आत पाणी येऊ लागलं. नौकेवरून किनाऱ्याला संदेश गेला. त्यात पिण्याच्या पाण्याची टाकी फुटली असावी असा अंदाज होता आणि हवा निवळल्यावर खाली उतरून नौकेचं अंग तपासू, असं होतं. ती वेळ आलीच नाही. कील निखळली, नौका उलटली आणि चौघेही खलाशी गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास संस्थेने पुढे नोंदवलं, की नौका याआधी तळाला घासली होती, तिची दुरुस्तीही झाली होती, आणि या साऱ्यामुळे कीलला आतून आधार देणारी चौकट व तळ यांच्यातला जोड कमकुवत झाला असण्याची शक्यता आहे. चौकट तळाला चिकटवलेली असते. ती सुटली तरी लाद्या उचलून पाहणाऱ्याला ते सहज दिसत नाही.

या दोन नौका शेजारी ठेवल्या की पाण्याच्या प्रमाणावरून नौकेची पारख करणं किती निरर्थक आहे ते कळतं. दोन्हींत पाणी आलं आणि ते पहिलीत नक्की, दुसरीत बहुधा, कीलजवळच्या जोडाशी संबंधित होतं. पण एकीत ते कुठून येतं हे डोळ्यांनी पाहून ठरलं, म्हणून उपायही बरोबर झाला. दुसरीत पाण्याला भलतंच, कमी भयंकर असं उगमस्थान दिलं गेलं. इथे कुणी म्हणेल, की भर समुद्रातल्या वादळी रात्रीची तुलना किनाऱ्यावरच्या निवांत पाहणीशी कशी करायची? तुलना करायची नाहीच. समुद्रात ज्यांना वेळ मिळाला नाही त्यांना दोष देता येत नाही. विकत घेणाऱ्याकडे मात्र वेळ असतो, नौका बाहेर काढायची सोय असते आणि शंका आली तर पाठ फिरवायची मुभा असते. ‘टाकीतलं असेल’ हे वाक्य त्याने ऐकून सोडून द्यायचं कारण नाही.

प्रमाण का फसवतं हे साध्या हिशेबानेही दिसतं. इंजिनाचा दांडा जिथून नौकेबाहेर पंख्याकडे जातो तिथे एक ग्लँड असतो. त्यात दोरीसारखं पॅकिंग दाबून बसवलेलं असतं. जुन्या पद्धतीच्या ग्लँडमधून दांडा फिरत असताना थोडे थेंब पडणं अपेक्षितच असतं. त्या पाण्याने दांडा थंड राहतो. समजा ग्लँड जरा सैल झाला आणि नौका उभी असतानाही मिनिटाला १० थेंब पडू लागले. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा धरला, तर दिवसाला ७२० मिलिलिटर आणि महिन्याला सुमारे साडेएकवीस लिटर पाणी होतं. दीड बादली पाणी पाहून गिऱ्हाईक पळून जाईल, पण उपाय मात्र पाना घेऊन नट आवळणं किंवा पॅकिंग बदलणं एवढाच. आता कीलच्या एका बोल्टाभोवती मिनिटाला एकच थेंब झिरपतो असं धरा. दिवसाला ७२ मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या कपाएवढं. उन्हाळ्यात त्यातलं बरंच वाळून जातं आणि मागे ओलसर डाग तेवढा उरतो. पाहणाऱ्याला तळ ‘जवळजवळ कोरडा’ दिसतो आणि तो खूष होतो. पहिली नौका काहीशे रुपयांत सुधारते, दुसरीला कील उतरवावी लागू शकते. पाण्याची रास मोजून निर्णय घेणारा इथे नेमकी उलटी निवड करेल.

मग उगम कसा शोधायचा? पहिला प्रश्न खारं की गोडं. डोलकाठीच्या भोकातून, खिडक्यांच्या कडांतून किंवा डेकवरच्या खिळ्या-बोल्टांतून उतरलेलं पाणी पावसाचं, म्हणून गोडं. फुटक्या टाकीचंही गोडंच. ग्लँड, तळातले व्हॉल्व्ह, त्यांचे रबरी पाइप आणि कीलचा सांधा यांतून येणारं पाणी बाहेरचं, म्हणजे समुद्रात खारं. बिल्जमधल्या तेलकट पाण्याची चव घेऊन बघण्यापेक्षा घरच्या आरओसाठी लोक वापरतात तो टीडीएस मीटर बरा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे दहा लाख भागांत ३५,००० भाग. घरगुती मीटर बहुधा दहा हजारांच्या आतच थांबतो, म्हणून एक भाग नमुना आणि नऊ भाग आरओचं पाणी असं मिश्रण करून मोजावं. आकडा साडेतीन हजारांच्या आसपास आला तर पाणी समुद्राचं. शे-दोनशेच्या आत राहिला तर बहुतेक पावसाचं किंवा टाकीचं. या चाचणीला दोन पथ्यं आहेत. बिल्जमध्ये आधीचं मीठ वाळून बसलेलं असतं आणि पावसाचं पाणी ते विरघळवून खारट होतं. म्हणून आधी बिल्ज गोड्या पाण्याने धुऊन पुसून घ्यावी आणि मग नव्याने येणारं पाणीच मोजावं. दुसरं म्हणजे बाहेरच्या पाण्याचा नमुना त्याच दिवशी घ्यावा. पावसाळ्यात कोकणातल्या खाड्यांचं पाणी वरच्या भागात जवळजवळ गोडं होतं, आणि मुंबई बंदरातही खारटपणा उतरतो. बाहेरचंच पाणी गोडं असेल तर आतलं पाणी गोडं निघालं म्हणून सुटका होत नाही.

हीच अडचण धरणांवरच्या नौकांना बारा महिने असते. खडकवासल्याच्या जलाशयात पोसलेली नौका असो, नाशिकच्या गंगापूर धरणावरची असो किंवा मालेगावकरांच्या जवळच्या गिरणा धरणावरची असो, तिथे पाऊस, टाकी आणि जलाशय सारेच गोडे. खारेपणाची कसोटी तिथे मुकी होते. अशा वेळी पाण्याला रंग द्यावा. टाकीत एका खाद्यरंगाचं पाणी भरावं, डेकवर दुसऱ्या रंगाचं ओतावं, आणि बिल्जमध्ये कोणता रंग उतरतो ते पाहावं. कुठलाच रंग उतरला नाही आणि तरी पाणी वाढलं, तर ते खालून येतं आहे. एकेक शक्यता वगळत जाणारी ही रीत समुद्रावरही तितकीच कामाची आहे. खारेपणाची चाचणी फार तर एवढंच सांगते, की पाणी बाहेरचं आहे. ग्लँडमधलं की बोल्टांजवळचं, हे ती सांगू शकत नाही.

ते ठरवायला बिल्ज आधी पूर्ण कोरडी करावी लागते. पंपाने उपसून, कपड्याने पुसून, शक्य तर पंखा लावून वाळवावी. मग प्रत्येक नटाभोवती, प्रत्येक व्हॉल्व्हखाली आणि ग्लँडखाली कोरड्या टिपकागदाची पट्टी ठेवावी, किंवा खडूची पूड भुरभुरावी. पंपाची आपोआप चालणारी कळ बंद ठेवावी आणि रात्र जाऊ द्यावी. पाणी फारच चढलं तर सांगायला रात्रभर कुणीतरी नौकेवर असावं. सकाळी कोणती पट्टी ओली झाली हे पाहिलं की अंदाज संपतो. याच वेळी टॉर्च घेऊन जुन्या खुणाही वाचाव्यात. कपाटांच्या आतल्या बाजूला आडवी डागाची रेघ, इंजिनाच्या पायावर ठरावीक उंचीपर्यंतच चढलेला गंज, लाद्यांच्या खालच्या बाजूचं फुगलेलं प्लायवूड या गोष्टी पाणी एकेकाळी कुठवर चढलं होतं ते दाखवतात. विक्रेत्याने कालच पंप चालवला असला तरी ही रेघ पुसली जात नाही. खुद्द बिल्ज नुकतीच रंगवलेली असेल तर ती स्वच्छतेची आवड म्हणूनही असू शकते. पण रंगाखालच्या खुणा वाचता येत नाहीत, म्हणून अशा नौकेची रात्रीची कसोटी टाळू नये.

आतलं काम झालं की सांधा बाहेरून बघायचा. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्याही वर जातो. सपाट तळाच्या आणि लांब कण्याच्या होड्या ओहोटीत कोरड्या पडतात आणि त्यांचा तळ फुकटात तपासून होतो. खोल, अरुंद कीलच्या नौकेला मात्र क्रेन लागते. ती उचलली जात असतानाच उभं राहून पाहावं, कारण पट्ट्यांवर लोंबकळत असताना कीलचं सगळं वजन सांध्याला खाली ओढतं आणि फट असेल तर उघडते. तीच नौका कीलवर टेकवली की वजन वरून दाबतं आणि फट मिटते. विक्रीसाठी नीट उभी केलेली नौका म्हणूनच शाबूत दिसते. सांधा पुसून कोरडा करावा आणि तासाभराने पाहावं. तिथून गंजाळलेलं पाणी पाझरत असेल, तर जे आता बाहेर येतं आहे ते कधीतरी आत गेलं होतं. पुढच्या बाजूची भेग नुसती वरच्या भरावाची असू शकते. मागच्या बाजूची खूण जास्त गंभीर धरावी. कील खडकाला आपटते तेव्हा तिचं टोक मागे ढकललं जातं, पुढची कड खाली खेचली जाते आणि मागची कड वर, नौकेच्या तळात घुसते. म्हणून आतून त्याच जागी, कीलच्या मागच्या टोकावर, आडव्या आधारांच्या मुळाशी केसासारख्या भेगा किंवा तळापासून सुटलेल्या कडा शोधाव्यात. छोट्या हातोडीने टकटक करत गेलं तर चिकटलेला भाग टणक वाजतो, सुटलेला बद्द.

बोल्टांबाबत मोठा गैरसमज स्टेनलेस स्टीलमुळे होतो. स्टेनलेस गंजत नाही हे खरं, पण मोकळ्या हवेत. त्याच्या पृष्ठभागावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर प्राणवायू मिळत राहिला तरच टिकतो. सांध्याच्या चिंचोळ्या फटीत खारं पाणी कोंडून राहिलं तर प्राणवायू संपतो, क्लोराइड साचतं आणि बोल्ट मधोमध खंगत जातो. बिल्जमधला नट मात्र चकचकीत राहतो. म्हणून सांध्यात पाणी असल्याचा पुरावा मिळाला तर नट पाहून समाधान मानू नये. एखादा बोल्ट काढून पाहणं किंवा जाणकाराकडून अल्ट्रासॉनिक तपासणी करून घेणं, हीच त्याची परीक्षा. बंद साच्यातल्या कीलला बोल्ट नसतात, पण तिथेही बाहेरचं कवच आपटून फुटलं असेल तर पाणी आत शिरतं, आणि आतलं वजन लोखंडाचं असेल तर गंज फुगून कवचाला आतून तडे देतो.

आता आक्षेप. पहिला विक्रेत्यांचा आवडता: ‘थोडं पाणी प्रत्येक बोटीत असतंच.’ हे खोटं नाही, आणि लाकडी नौकांबाबत तर अगदी खरं आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. त्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. जमिनीवर राहिलेल्या लाकडी फळ्या सुकून आकसतात आणि पुन्हा पाण्यात घातल्यावर पहिले काही दिवस होडी पाणी घेते. फळ्या फुगल्या की सांधे मिटतात. पण यातूनच कसोटी मिळते: फुगण्याने थांबणारं पाणी दिवसागणिक कमी होत जातं. चार दिवस रोज मोजलं आणि आकडा उतरला नाही, तर ते आकसलेल्या फळीचं नव्हे. आणि फायबरची नौका फुगून मिटत नाही, म्हणून तिच्या विक्रेत्याने हे कारण दिलं तर ते लागूच पडत नाही. ‘सुहैली’चा दाखला देऊन गळती माफ करणाऱ्यालाही हेच उत्तर. नॉक्स-जॉन्स्टनला आपली नौका फळीगणिक माहीत होती, त्याने फट डोळ्यांनी पाहिली होती. गिऱ्हाइकाकडे यांतलं काहीच नसतं.

दुसरा आक्षेप पंपाचा. आपोआप चालणारा चांगला पंप असेल तर काळजी कशाला? कारण पंप गळती थांबवत नाही, ती नजरेआड करतो. पाण्याखाली अर्धा मीटर खोलीवर अडीच सेंटिमीटर व्यासाचा पाइप निसटला तर मिनिटाला ५० लिटरहून जास्त पाणी आत येतं. छोटा विद्युतपंप डब्यावर लिहिलेल्या क्षमतेइतकं पाणी प्रत्यक्षात क्वचितच उपसतो, आणि बॅटरी संपली की तेही थांबतं. पंप दिवसातून किती वेळा चालू होतो, ही मात्र उपयोगी माहिती आहे. ती विचारावी आणि कळ बंद ठेवून पडताळावी.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे: इतकी चिरफाड कोणता मालक करू देईल? क्रेनचा खर्च, नौका तपासणाऱ्या सर्वेअरची फी, एक रात्र, वर बोल्ट काढण्याची मागणी. व्यवहार होण्याआधीच मोडेल. यात तथ्य आहे, म्हणून तपासणीची उतरंड लावावी. मीटर, टिपकागद, खडूची पूड आणि टॉर्च यांना नाममात्र खर्च येतो आणि मालकाचं काहीच बिघडत नाही. याला नकार मिळाला तर नकार हीच माहिती समजावी. क्रेनचा खर्च गिऱ्हाइकाने उचलावा, कारण तपासून घ्यायची गरज त्याची आहे. बोल्ट काढण्याची मागणी प्रत्येक नौकेबाबत करायची नाही, फक्त आधीच्या पायऱ्यांनी सांध्याकडे बोट दाखवलं असेल तरच. तोवर दोघांनाही ठाऊक असतं की प्रश्न खरा आहे, आणि प्रामाणिक मालकालाही त्याचं उत्तर हवंच असतं, नाहीतर पुढचं प्रत्येक गिऱ्हाईक तोच प्रश्न विचारणार.

शेवटी हाती तीन निकाल लागू शकतात. उगम सापडला आणि दुरुस्ती स्वस्त आहे: मग तळात बादलीभर पाणी असलं तरी नौका घ्यावी. उगम सापडला आणि दुरुस्ती महाग आहे: मग तो खर्च किमतीतून वजा करून बोलणी करावी, कारण आता तो मोजता येतो. उगम सापडलाच नाही: मग नौका कितीही देखणी असो, तळ कितीही कोरडा होत असो, ती सोडून द्यावी. या तिसऱ्या निकालात किंमत कमी करून घेण्याचा मोह होतो, पण किती कमी करायची याला आधारच नसतो. न सापडलेली गळती पाचशे रुपयांचं पॅकिंगही असू शकते आणि सुटत चाललेली कीलही. ज्या दोषाची किंमत ठरवता येत नाही, त्यावर घासाघीस करून मिळवलेली सूट ही सूट नसते. विक्रेत्याची जोखीम स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी आपण लावलेला तो अंदाज असतो.